मोनाको स्टेशन, घड्याळाखाली

आधीच सांगून टाकते, मी भूगोल शिकत होते. नाहीतर पुढे कुणीतरी ते काढणारच, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

साल शहाण्णव. व्हेरोनाजवळच्या आमच्या गावातून मी वर्षभरासाठी फ्रान्समध्ये, लिऑनला शिकायला गेले होते. एका देशातली पोरं दुसऱ्या देशात शिकायला पाठवायची, असली टूम निघाली होती, त्यात माझा नंबर लागला. शिकणं सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारचा शेवटचा तास संपला की पाठीवर सॅक, खिशात रेल्वेचा पास आणि दोन दिवसांत तीन शहरं. शहर बघायचं म्हणजे काय, तर स्टेशन, एक चर्च, एक पूल आणि पोस्टकार्डांचं दुकान. ब्रूज बघितलं, बार्सिलोना बघितलं, बर्न बघितलं की नाही ते आता आठवत नाही, पण कार्ड आहे त्या अर्थी बघितलं असणार. प्रत्येक ठिकाणाहून मी घरी कार्ड टाकायचे आणि आई ते फ्रिजवर लावायची. बाबा दूध काढायला फ्रिज उघडायचे, बंद करायचे, आणि त्या कार्डांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. हे आईनेच सांगितलं. आईला असल्या बातम्या पोचवायची भारी हौस.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे भांडण वगैरे काही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, आमच्याकडे भांडणं जेवणाच्या आत मिटतात. झालं असं, की बाबांचा स्वतःचा ट्रक होता. आमच्या भागातल्या स्ट्रॉबेऱ्या, शतावरी, सफरचंदं भरून ते आल्प्सच्या पलीकडे न्यायचे. ट्रकच्या बाजूवर ‘आल्चीदे झानोल्ली, फळे व भाजीपाला’ असं लिहिलेलं, आणि खाली माझ्या मामाने काढलेली एक प्रचंड स्ट्रॉबेरी, जी बघणाऱ्याला रागावलेला टोमॅटो वाटायची. सप्टेंबरात मी निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी ट्रक धुतला. माझ्या बाजूच्या सीटला नवं कव्हर घातलं. म्हणाले, “लिऑनचा माल घेतलाय. तुला थेट कॉलेजच्या दारात सोडतो.”

मी म्हटलं, “नको बाबा, मी ट्रेनने जाते.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण तो टोमॅटो कॉलेजच्या फाटकात उभा आहे, आणि त्यातून मी बॅग घेऊन उतरतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं होतं. त्यांनी ते कव्हर काढलं, घडी केली आणि गॅरेजमध्ये ठेवून दिलं. तेव्हापासून सात महिने मी घरी फोन केला आणि तो बाबांनी उचलला, की पलीकडून तीनच शब्द यायचे, “आईला देतो, थांब.”

लाज वाटली म्हणून लाज वाटत होती, असं माझं झालं होतं. पण फोनवर सांगणार कशी? बोलायला माणूस फोनवर थांबायला तर हवा.

आणि एप्रिलमधल्या एका गुरुवारी माझी घरमालकीण मादाम पेरार हिने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

“तुझ्या वडलांचा फोन होता,” ती म्हणाली. “केवढ्यांदा ओरडतात गं ते. मी म्हटलं, मी बहिरी नाही. तर परत तेच पाच शब्द, आणखी जोरात. त्यांना फ्रेंच येत नाही आणि मला इटालियन येत नाही, पण एवढ्यांदा ओरडल्यावर कुणालाही समजेल.”

चिठ्ठीवर फ्रेंचमध्ये पाच शब्द होते. मोनाको. रविवार. स्टेशन. बारा. घड्याळ.

मी ती चिठ्ठी उभ्या उभ्या दहा वेळा वाचली. बाबा मला भेटायला बोलावत होते. मोनाको म्हणजे फ्रान्सच्या कुशीतलं ते एवढंसं, श्रीमंतांचं गाव. तिथल्या हॉटेलांना स्ट्रॉबेऱ्या लागत असतीलच. रविवारी ट्रक रस्त्यावर काढायला बंदी असते, म्हणजे दिवसभर ते मोकळे. आणि लिऑनहून मला ते किती सोपं. म्हणजे अर्धी वाट ते आले, अर्धी मी जायची. मला तिथेच रडू फुटलं. मादामने “कुणी गेलं का?” असं विचारलं.

मी घरी फोन करून खात्री का नाही केली? कारण फोन बाबांनी उचलला असता आणि म्हणाले असते, “आईला देतो.” ते मला त्या दिवशी ऐकायचं नव्हतं.

नेहमीचे दोघं बरोबर होतेच. मारित फिनलंडची. रेल्वेचं वेळापत्रक ती लोक कादंबरी वाचतात तसं वाचायची, आणि बोलायची आठवड्यातून साधारण चार वेळा. नुनो पोर्तुगालचा. तो बोलायचाही आणि खायचाही, एकाच वेळी. तर या दोघांच्या सल्ल्याने माझ्या भेटीची एक सहलच होऊन बसली. शुक्रवारी जिनिव्हा, शनिवारी मिलान, रात्री जेनोआ, रविवारी सकाळी समुद्राच्या कडेकडेने मोनाको. सरळ जायचं तर अर्धा दिवस पुरला असता. पण मारितला आल्प्स बघायचे होते आणि जेनोआत कुठेतरी तिखट-हिरवी चटणी लावलेला पास्ता मिळतो, असं नुनोच्या कानावर आलं होतं.

बाबांसाठी मी लिऑनचा तो गुलाबी साखरबदाम घातलेला पाव घेतला होता. चांगला गरगरीत, कागदात बांधून. बाबांना गोड फार आवडतं आणि आई देत नाही. पाव ठेवायला माझ्या सॅकमध्ये जागा नव्हती, म्हणून तो नुनोच्या सॅकमध्ये ठेवला. हा या गोष्टीतला माझा पहिला मूर्खपणा.

जिनिव्हात त्यांचं ते प्रसिद्ध कारंजं बघायला गेलो, तर वारा आहे म्हणून बंद. नुनो म्हणाला, “आमच्याकडे वारा आहे म्हणून समुद्र बंद करत नाहीत.” मग पूल बघितला, कार्ड घेतलं. कार्डावर कारंजं चालू होतं.

शनिवारी दुपारी मिलानला उतरलो. तिथून आमचं गाव दीड-दोन तासांवर. मिलानपर्यंत येऊन मी घरी गेले नाही, हे आईला कळलं असतं तर तिने बाबांच्या वरताण अबोला धरला असता. म्हणून मी फोनच्या खोक्याकडे बघायचंही टाळलं. मारित मात्र गाड्यांच्या पाटीखाली मान वर करून उभी होती.

“इथून मोनाकोला थेट गाडी आहे,” ती म्हणाली. “मग आपण जेनोआवरून का चाललोय?”

मी वर बघितलं. व्हेरोना, ब्रेन्नेर, मोनाको. मला हसू आलं. आणि मग, देवा, मी व्याख्यान दिलं. म्हटलं, “अगं ते मोनाको म्हणजे म्युनिक. जर्मनीतलं. आम्ही इटलीतले लोक म्युनिकलाही मोनाकोच म्हणतो.”

“दोन्ही मोनाको?”

“दोन्ही.”

“मग कुठलं मोनाको ते तुम्हाला कळतं कसं?”

“कळतं गं,” मी म्हटलं. “बोलणारा कोण आहे त्यावरून कळतं.”

मारितने तिच्या हिशेबाने बराच विचार केला. “मग तुझे बाबा कुठल्या मोनाकोत आहेत?”

“चिठ्ठी फ्रेंचमध्ये आहे ना. फ्रेंचमध्ये मोनाको म्हणजे मोनाकोच. म्युनिक असतं तर मादामने म्युनिक लिहिलं असतं. सगळे शब्द तिने फ्रेंचमध्येच लिहिलेत.”

“हं,” मारित म्हणाली. आठवड्याचा कोटा संपला असावा, कारण पुढे ती गप्प बसली. नुनोने विचारलं, “पावाचा एक कोपरा तुटलाय, तेवढा खाल्ला तर चालेल का? नाहीतरी तुटलाच आहे.”

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही मोनाकोला उतरलो. स्टेशन छोटंसं, दोन फलाटांचं, आणि मधोमध एक गोल घड्याळ. मी केस विंचरले. काय बोलायचं ते मी गाडीत पाठ केलं होतं, “बाबा, सप्टेंबरात मी चुकले.” एवढंच. लांबण लावली की बाबा इकडेतिकडे बघायला लागतात.

बारा वाजले. पावणेएक झाले. कुत्रा घेतलेली एक बाई आली, हातमोजे घातलेला एक ड्रायव्हर आला, तपकिरी जाकिटातला ट्रकवाला काही येईना. नुनो मला धीर द्यायला म्हणाला, “ट्रक लावायला जागा मिळत नसेल.” हे मला पटलं. मग अर्ध्या तासाने तोच म्हणाला, “इथे कुणाचं काय खरं, ट्रक आत घेतात तरी का?” हे त्याहून पटलं.

तेव्हा खिशात फोन नसायचे. सव्वा वाजता मी घड्याळाशेजारच्या खोक्यात शिरले, होती नव्हती ती नाणी घातली आणि घरी फोन लावला. दार उघडं ठेवलं, न जाणो बाबा आले तर दिसावेत.

“कुठे आहेस तू?” आई फोन उचलताच म्हणाली. “आत्ता त्यांचा फोन येऊन गेला. तासभर उभे आहेत बिचारे.”

“मी मोनाकोत आहे.”

“तेही मोनाकोत आहेत.”

“दिसत नाहीत गं.”

“स्टेशनावर जा मग.”

“स्टेशनावरच आहे.”

“घड्याळाखाली म्हणालेत.”

“आई, मी घड्याळाखालीच आहे.”

“मग जरा मागे वळून बघ ना. ते तपकिरी जाकीट घातलं असेल, शंभरदा सांगितलं टाकून द्या म्हणून.”

मी वळून बघितलं. “इथे एक कुत्रावाली बाई आहे फक्त.”

“तुझा बाप कुत्रावाली बाई आहे का?” आईचा आवाज चढला. मागे चुलीवर काहीतरी रटरटत होतं. “हे बघ नीव्हेस, इकडे माझा भात लागतोय. त्यांनी मला काय सांगितलं माहितेय? म्हणाले, लोरेदाना, ती येणार नाही. ट्रकवाल्या बापाला स्टेशनात चार लोकांसमोर भेटायची तिला लाज वाटली असेल. हे असं म्हणाला तो माणूस. तुला यायचं नसेल तर तसं सांग, उगीच घड्याळाखाली आहे, घड्याळाखाली आहे करू नकोस.”

“आई, मी शपथेवर सांगते, मी अकरा-वीसपासून इथे उभी आहे. एवढंसं तर स्टेशन आहे. दोन फलाट.”

“दोन?” आई म्हणाली. “ते तर म्हणाले बत्तीस.”

“बत्तीस काय?”

“फलाट. म्हणाले, बत्तीस फलाटांतून पोरगी कुठून उतरेल काय सांगावं, म्हणून घड्याळ धरून उभे आहेत. बरं, पाऊस थांबला का तिथला?”

“कसला पाऊस? कडक ऊन पडलंय. समोर समुद्रावर लोक उघडे पसरलेत.”

पलीकडे काहीतरी पडलं, बहुतेक डाव. मग भांडं खाली उतरवल्याचा आवाज आला.

“नीव्हेस,” आई हळू म्हणाली, “मोनाकोला समुद्र कधीपासून आला?”

मी खिशातली चिठ्ठी काढून बघितली. मादाम पेरारने चार शब्द फ्रेंचमध्ये लिहिले होते. पाचवा तिने, बाबा ओरडले तसाच उतरवून घेतला होता. आणि बाबा कुणाच्या भाषेत ओरडणार? पंचवीस वर्षं ब्रेन्नेरचा घाट चढून दर आठवड्याला मोनाकोला स्ट्रॉबेऱ्या नेणारा माणूस. लहानपणी “बाबा कुठे गेले?” असं कुणी विचारलं की मी “मोनाकोला” म्हणायचे, आणि अख्ख्या गावात कुणालाही समुद्र आठवायचा नाही. सात महिन्यांपूर्वी तो शब्द अर्धा कानावर पडला असता तरी मला कळलं असतं. सात महिन्यांत मी म्युनिकला म्युनिक म्हणायला लागले होते.

“आता ते दहा मिनिटांनी परत फोन करतील,” आई म्हणाली. “काय सांगू?”

“सांग, की मी आले होते. दुसऱ्या मोनाकोला, पण आले होते.” मला रडू आवरेना. “आणि सांग, रात्री बंदी उठली की ते निघतील ना, ते पोचतील तेव्हा मी आपल्या गावी, हायवेवर इव्हानोच्या बारपाशी उभी असेन.”

“कशाला उगीच, असं म्हणतील ते.”

“विचारू नकोस. सांग फक्त.”

नाणी संपली. बाहेर मारित वेळापत्रक उघडून उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. मला वाटलं, आता ती बोलणार, ‘बोलणारा कोण आहे त्यावरून कळतं.’ बोलली नाही. मैत्रीण असावी तर फिनलंडची. “व्हेंतिमिल्याची गाडी एक-बावन्नला,” एवढंच म्हणाली. “जेनोआ, मिलान, व्हेरोना. शेवटची गाडी मिळते.”

नुनोने मान खाली घालून कागदाचा पुडा माझ्या हातात दिला. तो संशय यावा इतका हलका होता. “कोपरे फार तुटत होते गं,” तो म्हणाला.

सोमवारी सकाळी सहा वाजता मी आईची सायकल घेऊन हायवेच्या तोंडाशी असलेल्या इव्हानोच्या बारपाशी जाऊन उभी राहिले. ट्रकवाल्यांचा तो अड्डा. इव्हानो कॉफी करतो आणि कुणाकडे कुठला माल आहे, कुणाला ट्रक हवा आहे, हेही तोच जुळवून देतो. साडेसहाला तो रागावलेला टोमॅटो वळणावर दिसला. मला एवढा आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

बाबा खाली उतरले. तेच तपकिरी जाकीट. दाढी वाढलेली. पाठ केलेलं वाक्य मी पार विसरले होते. त्यांनी दार लावलं, कुलूप ओढून बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

“कुठून आलीस?”

“मोनाकोहून.”

“मीपण,” बाबा म्हणाले.

आत गेलो. पाच-सहा ड्रायव्हर कॉफी घेत उभे होते. मी पुडा सोडला. मूठभर पाव होता, दोन बदाम लागलेले. बाबांनी त्यातला एक मला दिला. इव्हानोने विचारलं, “आल्चीदे, ही फ्रान्सवाली ना? काय शिकते तिकडे?”

बाबांनी कॉफी शेवटच्या घोटापर्यंत संपवली, कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भूगोल.”

मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. बत्तीस फलाट, पाऊस, कुत्रावाली बाई, सगळं आईकडून पोचलं होतं. माणसं टेबलं बडवून हसत होती. सात महिन्यांत बाबा एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं. मीही हसत होते, आणि नाक पुसत होते.

“चला, हे बरं झालं,” इव्हानो डोळे पुसत म्हणाला. “आता तरी हा लिऑनचा माल घेईल. सप्टेंबरपासून लिऑनचं नाव काढलं की म्हणतो, दुसऱ्या कुणाला द्या. म्हटलं तुझी पोरगी आहे ना तिथे? तर म्हणतो, म्हणूनच.”

बाबा एकदम कपाच्या तळाशी काहीतरी शोधायला लागले.

मी म्हटलं, “इव्हानोकाका, आत्ता आहे का लिऑनचा काही माल?”

“आहे की. शतावरी. आज दुपारी भरायची, उद्या सकाळी पोचवायची.”

“ह्यांना द्या,” मी म्हटलं. “आणि बाबा, मला कॉलेजच्या दारात सोडा. फाटकाच्या आत घ्या ट्रक. हॉर्न वाजवा.”

बाबांनी इव्हानोच्या हातातला मालाचा कागद ओढून घेतला, चष्मा लावला, पत्ता वाचला. आणि कागदावरून नजर न काढता मला म्हणाले, “लिऑन एकच आहे ना पण?”